विटांमधला चुना

मार्गशीर्ष लागला की धारवाडची हवा पालटते. पावसाळ्यातील ओलावा कोठल्या कोठे जातो, कोरडा वारा सुटतो आणि घरोघरी ओठ फुटू लागतात, टाचांना भेगा पडतात. या दिवसांत मला एका विद्यार्थ्याची आठवण होते. आणि ती मला भूषणावह नाही.

इयत्ता सातवीतला मुलगा. हातांची कातडी खरखरीत, काळवंडलेली. सारखा खाजवीत बसे. शेजारची मुले त्याच्या बाकावर बसेनात. मीही ती अस्वच्छताच समजलो आणि दिवसातून चार वेळा साबणाने हात धुण्याची ताकीद दिली. मुलगा आज्ञाधारक. कपड्यांच्या साबणाने हात घाशीत राहिला. पंधरवड्यात हातांतून रक्त येऊ लागले. डॉक्टर म्हणाले, "हे इसब आहे, संसर्गजन्य नव्हे. याच्या त्वचेत स्नेह मुळातच कमी. उरलासुरला तुम्ही धुऊन काढलात."

त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे एक भिंतच होय. मृत पेशी या तिच्या विटा आणि त्यांना सांधणारी स्निग्ध द्रव्ये हा चुना. या चुन्याचा वजनाने जवळजवळ निम्मा भाग 'सेरामाइड' नामक द्रव्याचा असतो.  चुना झडला की आतले पाणी उडून जाते व बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल, तर आपला नेहमीचा साबण अल्कधर्मी. म्हणून अति धुणे घातक.

हा चुना शरीर स्वतःच घडविते. मात्र त्यासाठी लागणारे लिनोलेइक आम्ल त्याला निर्माण करता येत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्नेहरहित आहार दिला, तेव्हा त्यांच्या कातडीवर खवले धरले. पुढल्याच वर्षी, लिनोलेइक आम्लाने ते बरे होतात, असेही त्यांनी दाखविले.

आपल्या काळ्या जमिनीतील करडईच्या तेलात हे आम्ल सुमारे तीन चतुर्थांश असते. आपल्या जिल्ह्यातील अण्णिगेरीच्या संशोधन केंद्राने तर करडईचे 'ए-१' हे वाणच दिले. कारळ्याचे, म्हणजे येथल्या गुरेळ्ळूचे, तेलही त्याच गुणाचे. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर कारळ्याची चटणी आणि तीवर कच्च्या तेलाची धार, हा आपल्या पानातील रिवाज उगाच सोडू नये. मात्र केवळ आहाराने इसब जाते, असा भ्रमही नको.

त्वचेची निगा साधी आहे. स्नानाचे पाणी कढत नसावे, कोमट असावे. साबण सौम्य व बेताचा. अंग टिपून ते ओलसर असतानाच मलम लावावे. सेरामाइडयुक्त मलमे चांगली, पण महाग. साधे व्हॅसलीन किंवा खोबरेलही पाणी धरून ठेवते. कातडी चिघळली तर मात्र घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे.

त्या मुलाचे हात दोन महिन्यांत निवळले. बाक मात्र रिकामाच होता. शेवटी एके दिवशी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, त्याचा हात हाती घेतला आणि साऱ्या वर्गासमोर माझी चूक सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या बाकावर तिघे बसले होते.