सहीआधी मागची बाजू वाचा



मार्च महिन्यातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास आमच्या घरचा फोन वाजला. अवेळी फोन वाजला की आपल्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो. पलीकडे माझी पुतणी होती, अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून. तिकडे तेव्हा दुपारचे चार. रडतच म्हणाली, "काका, पोराला इतिहासात शून्य दिलंय. आम्हा दोघांना शाळेत बोलावलंय. आणि काका, तो निबंध तुमचाच होता!"

झाले होते असे. पोरगा तिकडच्या हायस्कुलात दहावीला. विषय अमेरिकेचा इतिहास. गुलामगिरी संपल्यानंतर मुक्त झालेल्या काळ्या लोकांना खरोखर किती स्वातंत्र्य मिळाले, यावर त्याला लिहायचे होते. पुतणीने सहज विचारले आणि मला चेव आला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांना दास्यातून सोडविल्याबद्दल अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आपल्या घरातल्या पोराने तिथल्या वर्गात सांगावे, यापरता अभिमान कोणता? मी दोन रात्री बसून चार पाने लिहिली. पुतणीने इंग्रजी केले, पोराने स्वतःचे नाव घालून दिले. मास्तरांनी त्याला जवळ बोलावून त्यातल्या एका वाक्याचा अर्थ विचारला. पोराला सांगता येईना.

खरे सांगतो, पहिल्यांदा माझे डोके भडकले. आपल्या पिढीने काय काय सोसले ते तुम्हाला ठाऊक आहे. मास्तर आपल्या पोराला मुद्दाम मागे ठेवतो, ही शंका आपल्याला शिकवावी लागत नाही. मी पुतणीला म्हटले, "गप्प बसू नकोस, जाब विचार." ती म्हणाली, "काका, थांबा. सप्टेंबरात एका कागदावर मी सही केली होती. तो शोधते."

दुसऱ्या दिवशी तो कागद मोबाईलवर आला. त्याविषयीच आज लिहायचे आहे. आपली कितीतरी पोरे आता परदेशी जात आहेत, त्यांची पोरे तिथल्या शाळेत बसत आहेत.

आपण सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी समजतो. तिकडे वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक विषयाचा मास्तर जो सिलॅबस देतो, तो जवळजवळ करारनामाच असतो. वर्गात काय शिकवणार, तुमच्याकडून काय अपेक्षा, गुण कसे देणार, चुकलात तर काय होणार, सगळे छापून. खाली विद्यार्थ्याची सही आणि पालकाची सही. पुतणीने पुढची बाजू वाचून सही केली होती. मागची बाजू वाचलीच नव्हती. (आपणही बँकेत तसेच करतो म्हणा.)

पुढच्या बाजूला साध्या गोष्टी होत्या. घंटा होण्याआधी जागेवर बसा. मोबाईल दाराजवळच्या कप्प्यात ठेवा. पुस्तक शाळेचे आहे, त्याचा नंबर लिहून घेतला आहे, वर्षाखेर परत करा, हरवले तर पैसे भरा. आजारी पडलात तर जितके दिवस गैरहजर, तितके दिवस काम पुरे करायला मिळतील. कारण नसताना उशीर केलात तर रोजी शंभरातले दहा गुण कापले जातील. नव्वदच्या वर 'ए', ऐंशीच्या वर 'बी', असे उतरत साठच्या खाली नापास. आपल्या दहावीसारखी बोर्डाची एकच मोठी परीक्षा तिथे नाही. वर्षभराच्या चाचण्या, घरचा अभ्यास, वर्गातले बोलणे, निबंध, सगळे मिळून निकाल लागतो. वर्गातल्या बोलण्यालाही गुण, हे वाचून मला माझी शाळा आठवली. आम्ही वर्गात जितके कमी बोलू तितके बरे असायचे.

मागच्या बाजूला खरा मामला होता. जे काम तुम्ही स्वतः केले नाही ते तुमचे नव्हे. पुस्तकातून उतरवलेले, मित्राचे, संगणकाकडून लिहून घेतलेले, आईबापाने किंवा नातेवाइकाने लिहून दिलेले, सगळे एकाच रांगेत. पहिल्या वेळी शून्य, घरी फोन आणि पालकांची भेट. नातेवाईक हा शब्द स्पष्ट छापलेला होता. माझे नाव घातले नव्हते एवढेच!

राग ओसरल्यावर मला एक गोष्ट जाणवली. आमच्या लहानपणी शाळेचे नियम गुरुजींच्या तोंडात असायचे, आणि समोरचे पोर कुणाचे आहे ते पाहून बदलायचे. इथे नियम आधीच कागदावर होता, सगळ्या वर्गाला एकच होता, आणि आमच्या सहीने होता. म्हणून तिकडे सगळे न्यायाने चालते असे मी म्हणणार नाही. इतिहासात काय शिकवायचे यावर तिथे मोठा झगडा आहे, आणि प्रत्येक राज्याचे निराळे. न्यू जर्सीत अमेरिकेचा इतिहास हायस्कुलात दोन वर्षे शिकावाच लागतो. तिथे २००२ साली कायदा झाला की काळ्या लोकांचा इतिहास शालेय अभ्यासक्रमात गुंफायचा. याउलट २०२३ साली फ्लोरिडाच्या अभ्यासक्रमात, गुलामांनी काही कौशल्ये शिकली आणि ती काही वेळा त्यांच्याच फायद्याची ठरली, असा मजकूर आला आणि देशभर गदारोळ उडाला. तेव्हा पोर कोणत्या राज्यात शिकते, हेही पालकाने पाहावे लागते.

भेटीच्या दिवशी पुतणी आणि जावई कामावरून रजा घेऊन गेले. मास्तरांनी ओरडा केला नाही. शून्य मात्र तसेच ठेवले. त्यांनी माझा निबंध समोर ठेवला आणि म्हणाले, लिहिणाऱ्याला विषयाची आस्था आहे, पण तो १८७३ पाशीच थांबला आहे. वर्गाला मी सात कागद वाचायला दिले होते, त्यातला एकही यात नाही.

तिथल्या इतिहासाच्या वर्गाची ही दुसरी अपेक्षा, आणि ती आपल्या सवयीच्या अगदी उलट. आपण गाईडमधली तयार उत्तरे पाठ करतो. तिथे त्या काळातले मूळ कागद पुढे टाकतात आणि म्हणतात, यावरून तुझे मत मांड, आणि कोणत्या कागदावरून ते लिही. पुतणीने मला ते कागद पाठवले. त्यात १८६५ चा मिसिसिपी राज्याचा कायदा होता. गुलामगिरी मोडली त्याच वर्षाचा! मुक्त झालेल्या माणसाने दर जानेवारीत आपण कोणाकडे कामाला आहोत याचा लेखी पुरावा दाखवायचा. नसेल तर तो भटक्या ठरून दंड होणार. दंड भरता आला नाही तर जो भरील त्याच्याकडे राबायचे. शहराबाहेर जमीन खंडाने घ्यायचीही मनाई. वाचताना मला आमच्या आजोबांची वतनाची कामे आठवली.

दुसऱ्या कागदावर हायरम रेव्हल्स. त्याच मिसिसिपीतून १८७० साली तो अमेरिकेच्या सेनेटमध्ये गेलेला पहिला काळा सभासद. म्हणजे पाच वर्षांत केवढा पल्ला! आणि मग १८७७ साली दक्षिणेतल्या राज्यकारभाराला आधार देणारे केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले. पुढे मतदानासाठी कर, वाचनाच्या परीक्षा असे अडथळे घालून काळ्या लोकांची मते काढून घेतली गेली. त्यावर मतदान हक्काचा जोरदार कायदा व्हायला १९६५ साल उजाडले. जोतीरावांनी पुस्तक अर्पण केले ते या दोन टोकांच्या मधे, आशेच्या दिवसांत. पन्नास वर्षे मी ती अर्पणपत्रिका अभिमानाने सांगत आलो, पण तिच्यानंतर चारच वर्षांत तिकडे काय झाले हे मला पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या अभ्यासातून कळले.

मास्तरांनी एक वाट मोकळी ठेवली. पुढच्या मोठ्या निबंधाचा विषय पोराने स्वतः निवडायचा. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारायला हरकत नाही, मात्र कोणाला, कोणत्या तारखेला विचारले ते लिहायचे. पोराने बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळ्या लोकांचे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र निवडले. काळ्या लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे एक अर्ज गेला होता, त्याच्या प्रती बाबासाहेबांनी मागितल्या होत्या. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले. ही पत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, घरबसल्या पाहता येतात. पोराने ती स्वतः शोधली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेही त्याने जोडले.

एका रविवारी त्याचा फोन आला. मोडक्या मराठीत म्हणाला, "आजोबा, आज तुम्ही लिहायचं नाही. मी विचारणार, तुम्ही फक्त सांगायचं." पाऊण तास प्रश्न विचारत होता. बाबासाहेबांनी ते पत्र नेमके त्याच वर्षी का लिहिले असेल, असे त्याने विचारले तेव्हा मी माझा अंदाज सांगितला. लगेच म्हणाला, "हे कुठे लिहिलेलं आहे?" मी म्हटले, कुठे नाही, माझा अंदाज आहे. "मग अंदाज म्हणूनच लिहितो," म्हणाला.

मे महिन्यात निकाल आला. निबंधाला ब्याण्णव, पण एक दिवस उशिरा दिला म्हणून दहा वजा, हाती ब्याऐंशी. म्हणजे 'ए' हुकला. मी पुतणीला म्हटले, "अगं, एका दिवसासाठी दहा गुण? मास्तरांना सांगून पाहा ना."

"काका," ती म्हणाली, "पुढच्याच बाजूला लिहिलं होतं."