फाटकाच्या आत काय आहे?
या आठवड्याच्या जाहिरातींतही नव्या टाउनशिपचं पहिलं चित्र घरांचं नाही, फाटकाचं आहे: दोन रखवालदार, आडवा दांडा आणि 'सुरक्षित जीवनशैली'. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या बोळांना कंटाळून नवा रायपूरच्या वाटेवर फ्लॅट शोधणाऱ्या आपल्या मंडळींनी पैसे भरण्याआधी एकदा दादरची पारशी कॉलनी बघून यावं. 1896च्या प्लेगनंतर दाट वस्त्या सुधारण्यासाठी 1898 साली मुंबईत सुधारणा ट्रस्ट आला. त्याच्या दादर-माटुंगा योजनेत अभियंता मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी 103 भूखंड पदरात पाडून घेतले. तळमजल्यावर फार तर दोन मजले, जागोजागी बागा आणि रस्त्यागणिक वेगळी झाडं: फिरदौसी रोडला महोगनी, जाम-ए-जमशेद रोडला अशोक. भोवती भिंत मात्र नाही. कुणी म्हणेल, एकाच समाजाला जागा राखून ठेवली, मग मोकळेपणा कसला? आक्षेप रास्त आहे. ट्रस्टनं गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्याही नाहीत, हेही खरं. पण घरं राखीव असली तरी रस्ता आणि सावली सगळ्यांची राहिली. आजच्या टाउनशिपा तर तीही फाटकाआड कोंडतात. राहता राहिली चोरांची भीती. तिच्यावर औषध वर्दळ आहे, आडवा दांडा नव्हे. रस्त्यावर माणसं असली की चोर आपोआप बिचकतो. तेव्हा बिल्डरला पोहण्याच्या तलावाबद्दल विचारू नका. झाडं कुठली लावलीत आणि कधी, एवढंच विचारा.