गुरुत्वाकर्षणाचे ‘अणू’ आणि इतिहासाचा दाखला

गुरुत्वाकर्षण हे मूलभूत बल नाही. अवकाशकालाच्या सूक्ष्म घटकांच्या सामूहिक वर्तनातून ते प्रकट होते, जसा रेणूंच्या धडकांतून वायूचा दाब. या विचाराची कथा हल्ली बहुधा २०१० पासून, एरिक व्हर्लिंडे यांच्या निबंधापासून सांगितली जाते. मला ही सुरुवात मान्य नाही. १९६७ सालीच आंद्रेई साखारोव यांनी गुरुत्वाकर्षणाची तुलना पदार्थाच्या स्थितिस्थापकतेशी केली होती. १९९५ मध्ये टेड जेकबसन यांनी आइन्स्टाइनची समीकरणे उष्मागतिकीतून काढून दाखवली. आणि पुण्याच्या ‘आयुका’त थानू पद्मनाभन २०२१ मधील निधनापर्यंत हाच विचार नेटाने मांडत राहिले. (निदान पुणेकर वाचकांना तरी हे नाव आधी आठवावे.)

पद्मनाभन यांचा युक्तिवाद बोल्ट्झमनपाशी जातो. पाणी तापते, कारण उष्णता वाटून घ्यायला त्यात रेणू असतात. आता, त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकाला रिकामा अवकाशही उष्ण भासतो, असे विल्यम अनरुह यांनी १९७६ मध्ये दाखवले. मग जे तापते त्याला अंतर्गत घटक असणारच, अवकाशकालालाही!

युक्तिवाद देखणा आहे. पण तो इतिहासाच्या दाखल्यावर उभा आहे, आणि दाखला इतिहासाचा असेल तर उलटतपासणीचा अधिकार आपलाही आहे.

इतिहासात बोल्ट्झमन आहेत, तसे जिनिव्हाचे ल साजही आहेत. अठराव्या शतकात त्यांनीही गुरुत्वाकर्षणाचे मूळ सूक्ष्म कणांतच शोधले होते. सर्व दिशांनी कणांचा मारा होतो, दोन वस्तू एकमेकींना त्यापासून आडोसा देतात, म्हणून त्या जवळ ढकलल्या जातात. १८७० च्या दशकात मॅक्सवेल यांनी आक्षेप घेतला, की एवढ्या माऱ्याने वस्तू तापून धगधगू लागतील. उष्णतेनेच त्या कल्पनेचा घात केला. आज त्याच उष्णतेची साक्ष नव्या कल्पनेच्या बाजूने काढली जाते, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

शिवाय ही साक्ष अतिशय क्षीण आहे. पृथ्वीवरील गुरुत्वीय त्वरणाइतक्या त्वरणाला अनरुह यांचे तापमान एका केल्विनच्या अब्जांशाच्या अब्जांशाहूनही कमी भरते. बोल्ट्झमन १९०६ मध्ये गेले. त्यानंतर दोनच वर्षांत झां पेरँ सूक्ष्मदर्शकाखालील कणांच्या हालचालींवरून ॲव्होगाड्रोचा अंक काढू लागले आणि अणूंचे विरोधक नमले. अवकाशकालाच्या ‘अणूं’ना त्यांचा पेरँ अद्याप भेटलेला नाही. तोवर पद्मनाभन यांना बोल्ट्झमनच्या पंक्तीत बसवण्याची घाई, त्यांच्याविषयी नितांत आदर असूनही, मी करणार नाही.