विधवेचं घर आणि देणगीची पाटी

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. जमलं तर शेवटपर्यंत वाचा, पटलं नाही तर खाली भांडा.

आपल्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी बरोबरीने वाढल्यात. एक, जमिनीचा भाव. दुसरी, देवाच्या नावाने होणारा खर्च. मांडव्याला २०२० मध्ये रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला, रेवस-करंजा पुलाचं काम चालू आहे. मुंबईकराला अलिबाग, रेवदंडा, मुरूड म्हणजे आता शनिवार-रविवारचं अंगण वाटायला लागलंय. आजोबा जिथे नाचणी-वरी लावायचे त्या वरकस जमिनीत आज बंगले उठतायत. पैसा आला की पहिला मान देवाचा. देवळाला नवं शिखर, चर्चला नवी फरशी, मशिदीला नवा रंग. आणि दारात संगमरवरी पाटी, 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ'.

यात वाईट काही नाही. देणाऱ्याने द्यावं. माझा प्रश्न त्या पाटीच्या मागचा आहे.

जमिनीचा व्यवहार ठरला की आधी लागतं हक्कसोडपत्र. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर कधीही उभे राहा. दोन भाऊ, एक वकील, आणि मधे सासरहून बोलावून आणलेली बहीण. कधी भावाची विधवा, कडेवर पोर. कागदावर काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवत नाही. "ताई, सही कर. माहेर तुटायला नको ना तुझं?" एवढंच सांगतात. सही होते. एक साडी, एक नारळ, हॉटेलात मिसळ, आणि संध्याकाळच्या एसटीने ताई परत. वर्षभराने त्याच जमिनीच्या पैशातून आईच्या नावाची पाटी लागते. आईची लेक मात्र सातबाऱ्यावरून गेलेली असते.

सगळ्याच सह्या अशा होतात असं मी म्हणत नाही. काही बहिणी खरंच राजीखुशीने सोडतात, त्यांचा मान आहेच. पण राजीखुशी कशाला म्हणतात आणि दडपण कशाला, हे आपल्या गावात सगळ्यांना कळतं. बोलत कुणी नाही.

हे सगळं बघताना मला ख्रिस्ती शिकवणीतला एक उतारा सारखा आठवतो. मार्कच्या शुभवर्तमानाचा १२वा अध्याय. येशू यरुशलेमच्या मंदिरात बसून लोकांना सांगतोय की त्या धर्मशास्त्र्यांपासून सांभाळून राहा. लांब झगे घालून मिरवतात, बाजारात लोकांनी नमस्कार करावा असं त्यांना वाटतं, जेवणावळीत मानाची जागा धरतात. इथपर्यंतचं आपल्याला ओळखीचं आहे. पुढचं वाक्य मात्र थेट आहे. त्याचा अर्थ असा, की हे लोक विधवांची घरं गिळतात आणि वर देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. त्यांना शिक्षा जास्त होईल, असंही तो सांगतो.

बघा, तो देव न मानणाऱ्यांवर चिडलेला नाही. चोर, जकातदार, बदनाम बायका यांच्या पंगतीला तो खुशाल बसायचा. त्याचे सगळ्यात कडक शब्द राखून ठेवलेत ते धार्मिक माणसांसाठी. आणि आरोपही प्रार्थनेत चूक झाली, उपास मोडला असला नाही. आरोप जमीनजुमल्याचा आहे. गरीब बाईचं घर कुणाच्या घशात गेलं, हा.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, नाहीतर कुणीतरी भलताच अर्थ काढेल. येशू स्वतः यहुदी होता आणि आपल्याच लोकांना बोलत होता, घरातला माणूस घरच्यांना बोलतो तसा. विधवा आणि पोरक्यांना लुबाडू नका, हे यहुदी संदेष्टे त्याच्या कितीतरी आधीपासून ओरडून सांगत होते. आपल्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली, ज्यांना आपले आजी-आजोबा शनिवार तेली म्हणायचे, त्यांच्याच धर्मग्रंथांतली ही शिकवण आहे. तेव्हा हा उतारा कुठल्या एका जमातीवर ढकलू नका. तो प्रत्येक देवळाच्या पायरीवर बसणाऱ्यासाठी आहे.

आता खरी गंमत पुढे आहे. त्या वाक्याला लागूनच दानपेटीची गोष्ट येते. श्रीमंत लोक भरभरून टाकतायत. एक गरीब विधवा येते आणि दोन बारीक नाणी टाकते. येशू शिष्यांना सांगतो, हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण हिने आपल्या पोटाचंच दिलं. ही गोष्ट देणगीच्या आवाहनात जगभर वापरली जाते. बघा, गरीब बाईसुद्धा देते, तुम्हीही द्या! पण वरचं वाक्य कुणी सोबत वाचत नाही. विधवांची घरं गिळणाऱ्यांबद्दल बोलून झाल्याझाल्या समोर एक विधवा येते, तिच्याकडे फक्त दोन नाणी उरलीत, आणि तीही त्याच व्यवस्थेच्या पेटीत जातायत. तिचं मन मोठंच आहे. पण तिच्याकडे दोनच नाणी का उरली, हा प्रश्न त्या उताऱ्यातच आहे. आणि लगेच पुढे, १३व्या अध्यायाच्या सुरुवातीला, शिष्य मंदिराचे प्रचंड चिरे कौतुकाने दाखवतात, तेव्हा तो सांगतो की यातला एक दगडही जागेवर राहायचा नाही.

घर गेलं, नाणी गेली, मग मंदिरही गेलं. ही तीन टोकं एकत्र वाचली की कळतं, त्याला काय म्हणायचं होतं.

चिरे कसे ढासळतात हे आपल्याला कुणी सांगायला नको. रेवदंड्याला जाऊन या. पोर्तुगीजांनी १६व्या शतकात तिथे तट बांधला, आत चर्च, मठ उभे केले. सातखणी म्हणून जो मनोरा आपण दाखवतो तो एका चर्चचाच भाग. त्याच राजवटीने १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आणलं. प्रेमाचा धर्म सांगायचा आणि माणसाच्या मनावर पहारा बसवायचा, हे १८१२ पर्यंत चाललं. इकडे चौल-रेवदंडा १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं. आज त्या चर्चच्या भिंतींतून वड-पिंपळ वाढलेत.

आणि खाडीपलीकडे कोर्लई आहे. किल्ल्याच्या पायथ्याचं हे ख्रिस्ती गाव पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतरही तिथेच राहिलं. घरात पोर्तुगीजमधून उगवलेली स्वतःची बोली, तिला ते 'नौ लिंग' म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. बोलणारे जेमतेम हजारभर. बाजारात आपल्यासारखीच मराठी. सत्ता गेली, तोफा गंजल्या, ख्रिस्ती असण्याचा सरकारदरबारी फायदा उरला नाही. तरी पावणेतीनशेहून जास्त वर्षं प्रार्थना चालू आहे. कोर्लईची माणसं संत आहेत असं नाही, तीही तुमच्याआमच्यासारखीच. पण फायदा संपल्यावर जी टिकते तिला श्रद्धा म्हणायचं, एवढं हे गाव बघून कळतं.

मराठी मुलखात हा उतारा ज्या बाईने जगून दाखवला तिचं नाव पंडिता रमाबाई. स्वतः विधवा, कडेवर मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे तिच्यावर धर्म बुडवल्याचा राग निघाला, तो अजून निघतो. पण तिकडच्या धर्माधिकाऱ्यांनाही ती जड गेली, हे कमी लोकांना माहीत असतं. इंग्लंडात असताना या बाईने पुरुषांना शिकवू नये, असा सल्ला हिंदुस्थानातल्या बिशपांनी दिला. रमाबाईंनी पत्रांतून ठणकावून सांगितलं की मी ख्रिस्त स्वीकारलाय, पाद्र्यांची ताबेदारी नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे दुष्काळात उपाशी बायका-मुली गोळा करून केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तिच्या धर्मांतरावर, सदनातल्या मुलींच्या ख्रिस्ती होण्यावर वाद जरूर घाला, तेव्हाही झाला होता. पण विधवेला घर मिळालं की गेलं, या एका कसोटीवर ती नापास होत नाही.

दुसरे आपल्या कोकणचेच, रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९१७ मध्ये पगारी मिशनचं काम सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे चालणाऱ्याला तिथे जागा. संस्थेत राहून पोट भरता येत असताना त्यांनी तो रस्ता धरला.

आता उलटी बाजू. केरळात सीरियन ख्रिस्ती समाज फार जुना, चर्चला जाणारा, शिकलेला. तिथे त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्याने मृत्युपत्र नसेल तर मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते. मेरी रॉय नावाची बाई याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली. १९८६ मध्ये निकाल लागला की सगळ्या भारतीय ख्रिस्त्यांसारखा १९२५ चा वारसा कायदा त्यांनाही लागू, मुलगा-मुलगी सारखे. आनंद व्हायला हवा होता. पण चर्चच्या पुढाऱ्यांकडूनच विरोध झाला, मुलींना डावलणारी मृत्युपत्रं करण्याचा सल्लाही दिला गेला. विधवांच्या घरांबद्दलचा उतारा त्या चर्चमध्येही वाचला जात असणारच.

हे वाचून आपल्यातले काही खूश होतील. बघा, ख्रिस्ती लोक कसे! थांबा जरा. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये दिला. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो हक्क जन्माने आहे, २००५ ला बाप जिवंत होता की नव्हता याने फरक पडत नाही. आपल्या घरात काय झालं? मुसलमानांत मुलीचा वाटा तर धर्मानेच ठरवून दिलाय. तो हातात किती जणींच्या पडतो, ते मुरूड-म्हसळ्याच्या मित्रांनी मनाशी विचारावं. दुसऱ्याच्या धर्मातलं ढोंग दाखवून स्वतःचं झाकणं, हेही ढोंगच.

मग करायचं काय? याचंही उत्तर येशूने फार साधं दिलंय. मत्तयच्या ५व्या अध्यायात तो सांगतो की वेदीवर दान ठेवायला आलास आणि तिथे आठवलं की भावाचं आपल्याविरुद्ध काही म्हणणं आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. आणि लूकमध्ये तो जक्कय नावाचा जकातदार आहे. येशू घरी आल्यावर त्याने आरती केली नाही की पाटी लावली नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं.

चौपट राहू द्या. एकपट परत केलं तरी पुरे.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, हक्कसोड करायचीच असेल तर कागद बहिणीला आठ दिवस आधी द्या, तिच्या ओळखीच्या वकिलाला दाखवू द्या, आणि जमिनीचा आजचा भाव तोंडाने सांगा. मग ती सोडते म्हणाली तर ते खरं सोडणं. दुसरी, बहिणींनो, वहिनींनो, सातबारा आणि फेरफार आता मोबाइलवर दिसतो, बघून ठेवा. वारस नोंदीत नाव गाळलं असेल तर हरकत घेता येते, प्रांताकडे अपील करता येतं. हक्क मागितल्याने माहेर तुटत असेल तर ते आधीच तुटलेलं होतं.

तिसरी, गावातल्या पुजाऱ्यांना, फादरना, मौलानांना आणि सगळ्या ट्रस्टींना. मोठी देणगी आली की पावती फाडायच्या आधी एक प्रश्न विचारा, "बहिणीचा वाटा दिलात का?" एवढा एक प्रश्न. देणगी कमी होईल कदाचित. शिखर एक वर्ष उशिरा होईल. देवाला घाई नसते.

ज्या घरात ताईला अजून साडी-नारळावर परत पाठवलं जातं त्या घरापर्यंत ही पोस्ट पोचवा. नाव घालू नका, टॅग करू नका. ज्याला लागायचं त्याला लागेल.