घर-अंगण : फाटकापासून पायरीपर्यंत

मैत्रिणींनो, या खेपेस स्वयंपाकघर बाजूला ठेवून आपण जरा अंगणाबाहेर जाऊ या. चिपळूणकडच्या एका खेड्यातून एका भगिनीचं पत्र आलंय. घर रस्त्यापासून साठ फूट आत. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्या वॉकर घेऊन चालतात. फाटकापासून घरापर्यंत तीन वर्षं दर उन्हाळ्यात मुरूम टाकून घेतला, श्रावण येईतो सगळा वाहून जातो. रिक्षावाला फाटकाशीच थांबतो, गॅसचं सिलिंडरही तिथेच उतरतं. यजमान नोकरीला मुंबईत. कंत्राटदार म्हणतो, आणखी दोन ट्रॉल्या टाकू. टाकू का, असं त्या विचारतात.

मुळीच टाकू नका, ताई. पाण्याला वाट करून दिली नाही, तर चौथ्या वर्षीही तेच होणार. नुसता मुरूम मातीवर पसरला की खालची माती पावसात लोण्यासारखी होते, रिक्षाचं चाक मुरमाला तिच्यात दाबतं आणि चिखल वर येतो.

आधी छपराकडे बघा. कोकणात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही. हजार चौरस फुटांच्या छपरावर तेवढा पडला, तर नऊ हजार लिटरांहून जास्त पाणी पागोळ्यांतून खाली येतं. ते जर तुमच्या वाटेवर उतरत असेल तर कुठला मुरूम टिकणार? पन्हळ लावून ते पाणी माडापोफळीकडे वळवा. हा खर्च पहिला, खडीचा नंतर.

ऐन पावसात छत्री घेऊन एकदा बाहेर उभ्या राहा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठून बाहेर पडतं, तिथे तिथे खुंट्या ठोका. दिवाळीनंतर काम काढलंत की या खुंट्याच तुमचा नकाशा. चढाच्या बाजूने फूटभर खोल, फूटभर रुंद गटार खणून घ्या आणि त्याला उतार द्या, दहा फुटांना निदान एक इंच. पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडू नका. त्यावरून दोन पिढ्यांची भांडणं चालतात. आपल्याच हद्दीतून व्हाळाला नाहीतर रस्त्याच्या गटाराला न्या.

फाटकासमोरचं रस्त्याचं गटार बुजवून वर माती टाकायची सवय फार वाईट. तिथे फूटभर व्यासाचा सिमेंटचा पाइप घाला, त्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. सहा इंची पाइप स्वस्त पडतो खरा, पण एका पावसाळ्यात पाचोळ्याने बुजतो, आणि मग त्यात हात घालणार कोण?

आता वाट. दहा फूट रुंदी धरू. सहा इंच माती काढून तळ दाबून घ्या आणि त्यात दगडांचं सोलिंग हाताने लावून घ्या, फटींत बारीक दगड ठोकून. त्यावर तीन इंच फोडलेली खडी, वर दीड इंच मुरूम. नदीतले गोल गोटे स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका, ते चाकाखाली घरंगळतात. कोपरे असलेली खडी एकमेकींत अडकून बसते. मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने दोनशे वर्षांपूर्वी हाच आग्रह धरला होता. गावातल्या कामाच्या फलकावर ‘डब्ल्यूबीएम’ लिहिलेलं दिसतं ना, त्यातलं शेवटचं अक्षर त्याच्या नावाचं. मध्यभाग दोन्ही कडांपेक्षा दोन-अडीच इंच उंच ठेवा, म्हणजे पाणी मध्ये न थांबता कडेला ओघळेल. प्रत्येक थर वेगळा, पाणी शिंपून, रोलरने दाबायचा, कडेला धुमस. कडेला चिरे लावलेत तर दर तीन-चार फुटांवर बोटभर फट ठेवा, नाहीतर पाणी आतच कोंडतं.

मुरूम घेताना मूठभर भिजवून गोळा करा. कुंभाराच्या मातीसारखा हाताला चिकटला तर परत पाठवा.

हिशेब तुम्हीच करा, कंत्राटदाराला तोंडी आकडा सांगायला लावू नका. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. साठ फूट लांब, दहा फूट रुंद, अर्धा फूट जाड म्हणजे तीनशे घनफूट, तीन ब्रास सोलिंग. खडी दीड ब्रास, मुरूम पाऊण. दाबल्यावर माल बसतो, तेव्हा पाव हिस्सा जास्त धरा. आलेली ट्रॉली टेपने मोजा: आतली लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार भागिले शंभर. बाईमाणूस टेप घेऊन उभी राहिली की ट्रॉली आपोआप नीट भरून येते, हा पुष्कळ घरांतला अनुभव आहे!

चढ फार असेल, आठ फुटांत फूटभराहून जास्त, तर तेवढ्या तुकड्याला खडी टिकायची नाही. तिथे सिमेंट काँक्रीटच करा. सगळ्या वाटेला मात्र काँक्रीट कशाला? खर्चही मोठा, आणि सगळं पाणी एकदम धावत सुटतं.

सासूबाईंसाठी वेगळी गोष्ट. वॉकरचे पाय खडीत रुततात. एका कडेला तीन फूट रुंद काँक्रीटची पट्टी फाटकापासून पायरीपर्यंत सलग करा, ओली असतानाच खराट्याने आडवी खरवडून. गुळगुळीत करून मागू नका. पावसात त्यावर शेवाळ धरतं, ते दर पंधरवड्याला ब्लीचिंग पावडर आणि ताठ ब्रशने घासून काढायचं. त्या पट्टीवर पागोळी पडत नाही ना, तेवढं बघा.

पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनंतर वाट थोडी खचेल. घाबरू नका, खड्डा भरायला खडी-मुरमाचा एक ढीग कोपऱ्यात राखून ठेवा. खड्ड्यातलं पाणी आधी काढा, कडा सरळ खणून मगच भरा. गटारातला पाचोळा मृगाच्या आधी एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा काढला की पुरे.