फाशीचा दोर आणि लग्नाचा मांडव

बीड जिल्ह्यातील स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयी एका सद्गृहस्थांनी अलीकडे जे प्रतिपादन केले ते, त्यांच्याच आवेशात सांगावयाचे तर, असे : गुन्हेगार मातले आहेत, कारण त्यांना फाशीचे भय उरलेले नाही, मुली संकटात सापडतात, कारण दिवेलागणीनंतर त्या घराबाहेर असतात, आणि चिंताक्रांत आईबाप लेकीचे हात लवकर पिवळे करतात त्यात त्यांचा दोष नाही, काळच वाईट आहे. सबब कायदा कडक करावा, मुलीस उंबऱ्याच्या आत ठेवावे आणि गावकुसाबाहेरच्या पालांवर पोलिसांची करडी नजर असावी. टाळ्या पडल्या. ज्या सिद्धान्तासाठी श्रोत्याला स्वतःच्या घरात काहीही बदलावे लागत नाही, त्याला टाळ्यांची वाण कधीच पडत नाही.

फाशीचे प्रकरण थोडक्यात आटोपतो. २०२० च्या दिवाळीत येळंबघाट परिसरात एका तरुणीला आम्ल आणि पेट्रोल टाकून जाळण्यात आले, तेव्हाही हीच गर्जना झाली होती. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने शक्ती विधेयक संमत केले, त्यात देहान्ताची तरतूद घातली, तपासाला मुदत घातली, आणि राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात आलेच नाही. येळंबघाटच्या त्या प्रकरणात ज्याच्यावर आरोप झाला तो वाटमाऱ्या नव्हता, तिचा सोबती होता. जिथे अपराधी चुलता, मेहुणा किंवा मुकादम असतो, तिथे फाशीचे नाव काढताच फिर्याद द्यायला निघालेल्या मुलीच्या तोंडावर पहिला हात तिच्या घरचेच ठेवतात. याच जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांच्या निर्घृण खुनाचाही या महाशयांनी दाखला दिला. त्या खुनाच्या मुळाशी खंडणी होती असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे, तेव्हा खंडणीखोरांच्या पापापायी मुलींनी शिकवणीला जाणे का सोडावे, हे कोडे मला तरी सुटलेले नाही.

परंतु मला सर्वांत अधिक खुपली ती लवकर लग्नाविषयीची त्यांची सहानुभूती. ऊसतोडीच्या हंगामात या जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. मुकादमाची उचल मिळते ती नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या हवाली करावी, आणि फडाशेजारच्या बिनदाराच्या कोपीत तरी ती कशी सांभाळावी, या दुहेरी धास्तीने तिला टोळी निघण्याआधी उजवून टाकतात. त्या लग्नाने एक नवा कोयता उभा राहतो व त्यावर नवी उचल मिळते, ही बाब मात्र धास्तीच्या जमाखर्चात कुणी नोंदवीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत या जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली; राज्याचे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास होते. आता कायद्याची कैफियत ऐकावी. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी ठेवलेला शरीरसंबंध बलात्कारच होय असे ठरविले. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने तीच मर्यादा स्वीकारली. आणि मुलगी सोळाच्या आतील असेल तर शिक्षा किमान वीस वर्षांची. तात्पर्य, ज्या अत्याचाराच्या भयाने बाप चौदा वर्षांच्या लेकीला उजवतो, तोच अत्याचार, कायद्याच्या दृष्टीने, तो स्वतः पत्रिका छापून, भटजी बोलावून, वाजतगाजत घडवून आणतो. आणि त्या मांडवात अक्षता टाकून, पंगतीला बसून, पान खाऊन तृप्त झालेले आमचे महाशय तिथून थेट व्यासपीठावर जातात आणि बलात्काऱ्याला भर चौकात लटकवा म्हणतात! त्यांची मागणी मान्य व्हायची तर पहिला दोर त्यांनी नुकताच आहेर केलेल्या जावयासाठी विणावा लागेल.

त्या मुलीचे पुढे काय होते? शासकीय समितीने २०१९ मध्ये जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. पाळीच्या दुखण्याने एक दिवस बसली तरी खाडा धरून दंड कापला जातो. या शस्त्रक्रियांसाठी कुणी दरोडेखोर अंधारात दबा धरून बसला नव्हता.

आता पालांवरील करड्या नजरेविषयी. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, स्वराज्याने तो कायदा १९५२ मध्ये रद्द केला, पण ठाण्यांच्या आणि गावांच्या मनातून तो खारीज झालेला नाही : चोरी कुठेही होवो, पारध्यांच्या पालावरून पुरुष उचलले जातात, आणि मागे उरलेल्या बायकांच्या अब्रूची फिकीर करणारा एकही सुरक्षावादी मला अद्याप भेटायचा आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात जुलै २०१८ मध्ये मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच भिक्षेकरी ठेचून मारले गेले. तिथेही जमावाला आपण लेकरांचे रक्षणच करीत आहोत असे वाटत होते.

मग करावे काय, असे विचारले जाईल. आणि माझे उत्तर निरस आहे, हे मी जाणतो. हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्यापूर्वी उघडावीत, टोळ्या गेल्यावर नव्हे, आणि त्यांत मोठ्या मुलींना जागा असावी. खेड्यात बालविवाह रोखण्याचा अधिकार ग्रामसेवकाकडे आहे. लग्नतिथींच्या महिन्यांत त्याने किती लग्ने थांबविली, याचा जाब तहसील कचेरीने घ्यावा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यास स्थानिक समिती दिलेली आहे; तिने कचेरीतल्या फलकावरून उतरून फडावर जावे, कारण फड हेही कामाचे ठिकाण आहे. आणि फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते, हे ठाण्यातल्या अंमलदारालाच आधी शिकवावे : २०२१ साली याच जिल्ह्यातील ज्या अल्पवयीन विवाहितेच्या फिर्यादीने देश हादरला, तिचे म्हणणे हेच होते की ती पूर्वीही पोलिसांकडे गेली होती आणि तिची दाद कुणी घेतली नाही. शिक्षा फाशीची असती तरी त्या दिवशी लागणार होता तो एक कागद आणि तो लिहून घेणारा जमादार.