दहावीनंतर नव्हे, आठवीतच बसा

मृगाचा पाऊस पडल्यावर बियाणं शोधायला निघणाऱ्याला आपण शहाणा शेतकरी म्हणत नाही. पण पोराच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो. दहावीचा निकाल लागला की 'आता पुढं काय?' म्हणून घरात बैठक बसते. तोवर दाखल्यांसाठी तहसीलला गर्दी झालेली असते आणि प्रवेशाची मुदत तोंडावर आलेली असते. शेवटी शेजारच्या पोरानं जिथं नाव घातलं, तिथंच आपल्याही पोराचं!

ही बैठक पोरगं हायस्कूलला गेलं की, म्हणजे आठवीतच बसली पाहिजे. 'एनएमएमएस' शिष्यवृत्तीचेच घ्या. ही परीक्षा आठवीतच देता येते. शाळा सरकारी, झेडपीची किंवा अनुदानित हवी आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. सातवीला 55 टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातींना 50 चालतात. अर्ज शाळेमार्फत जातो. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000. आठवी सरली की ही संधी गेली. शेतमजुराच्या घरी एवढ्या पैशावर पोरीची शाळा चालू राहते.

दुसरी गोष्ट कागदांची. शाळेच्या रजिस्टरात नाव, जन्मतारीख, जात बरोबर लिहिली आहे का, हे आजच पाहून घ्या. शाळा सोडल्यावर चूक सुधारायची तर हेलपाटे घालून चपला झिजतात. जातीच्या दाखल्यासाठी लागणारे जुने पुरावेही आत्ताच गोळा करा.

कुणी म्हणेल, तेरा-चौदा वर्षांच्या पोराला काय कळतंय? खरे आहे. त्याला आजच डॉक्टर की कंडक्टर ठरवायला लावू नका. पण वाटा किती आहेत, एवढे तरी दाखवा. दहावीनंतर कृषी पदविका आहे, तीन वर्षांचा तंत्रनिकेतनचा डिप्लोमा आहे, आयटीआय आहे. आयटीआयचे काही ट्रेड तर दहावी नापास झालेल्यालाही खुले आहेत. ठाऊक नसल्यामुळे कित्येक पोरं नापास झाली की घरी बसतात.

आणि पोरींचे काय? ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना 2024 पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. पण दहावीलाच तिचे लग्न जमवले, तर ती माफी कुणाच्या कामाची?

ग्रामसेवक, सरपंच आणि हेडमास्तरांना एकच विनंती. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत 'आठवीची मुलं' हा विषय घ्या. नावे वाचा, पालकांना बोलवा, कुणाचा कोणता कागद अडला ते लिहून घ्या. रस्ता-गटारीला तासभर देता, तर पोरांसाठी अर्धा तास काढा. त्याला ना निधी लागतो, ना वरून मंजुरी.